शोलेची मूळ शेवटाची डीव्हीडी बाबांसाठी घ्यायची आहे, कोणती घेऊ?

अडाणकाठ
नमस्कार मंडळी. माहेर दारव्हा तालुक्यात, नोकरी यवतमाळला. या पोळ्याला बाबांना सत्तर पूर्ण होतात आणि त्यांना शोलेची डीव्हीडी द्यायची मनात आहे. मात्र ज्यात शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात ती नको. ज्यात ठाकूर गब्बरला स्वतः संपवतो, ती मूळ शेवटाची हवी. चांगल्या डब्यातली, कपाटात उभी ठेवता येईल अशी.

कारण सांगते. एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस होते. बाबा आणि मोठे बाबा बैलगाडी घेऊन यवतमाळला आले होते. केंद्रावर गाड्यांची रांग, मापाला दोन दिवस लागणार. टॉकीजला शोले लागलेला. पण गाडीत कापूस आणि जूवर बैल, दोघंही एकदम जाणार कसे? मग पहिल्या रात्री मोठे बाबा गेले आणि दुसऱ्या रात्री बाबा. दोघांनी एकच पिक्चर पाहिला, पण सोबत कधीच नाही. मोठे बाबा तेव्हापासून म्हणत आले की गब्बरले ठाकूरनंच मारायले पाह्यजे होतं. मूळ पिक्चरमध्ये तसंच आहे हे मला आत्ता आत्ता कळलं.

घरी जुना डीव्हीडी प्लेअर आहे. गावात मोबाईलला गच्चीवर गेल्याशिवाय रेंज नाही. कोणती घ्यावी, ओळखावी कशी?

हिंगणघाट_पॅसेंजर
ताई, पेन ड्राईव्हमध्ये टाकून दे. डीव्हीडी आता कोण घेते?

पूर्णाथडी
@हिंगणघाट_पॅसेंजर, ताईनं 'पाहायचा कसा' हे विचारलंच नाही, 'द्यायची कोणती' हे विचारलं. सत्तरीच्या माणसाच्या हातात पेन ड्राईव्ह ठेवला तर तो देव्हाऱ्यात ठेवते आणि विसरते. डबा हातात आला की त्यावरचे चेहरे पाहाते, उलटून मागचं वाचते, पोरासोरांना दाखवते.

आता मुद्द्यावर. डब्याच्या मागं वेळ छापलेली असते, ती आधी पाहा. मूळ शेवटाची प्रत 204 मिनिटांची आहे. त्याहून बरीच कमी वेळ असेल तर तो काटछाट केलेला असण्याचीच शक्यता जास्त.

सोल्डरिंग_मोर्शी
पूर्णाथडी बरोबर बोलले, फक्त एक भर घालतो, नाहीतर ताई चांगली प्रत परत करून बसतील. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. पाल पद्धतीची डीव्हीडी 25 नं चालते. म्हणजे सगळा पिक्चर चार टक्के घाईनं पळतो आणि 204 मिनिटांचा ऐवज साधारण 196 मिनिटांत संपतो. डब्यावर 196 दिसलं तर लगेच कापलेला आहे असं समजू नका. डिस्क पाल आहे की एनटीएससी ते त्याच बाजूला बारीक अक्षरात असते. आपले प्लेअर दोन्ही चालवतात.

दुसरं म्हणजे रीजन. जगाचे भाग पाडून डिस्कला आकडे दिलेत. भारत 5, अमेरिका 1, युरोप आणि जपान 2. बाहेरून मागवाल तर पृथ्वीच्या चित्रावर कोणता आकडा आहे ते पाहा. 'ऑल' असेल तर निश्चिंत राहा.

दुकान चालवतो म्हणून सांगतो, हे दोन प्रश्न घेऊन महिन्याला दोन-तीन माणसं अजूनही येतात.

वर्धेची_वहिनी
अडाणकाठ, तुमची बैलांची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासऱ्यांनीही असाच आळीपाळीनं पिक्चर पाहिलेला, फक्त त्यांच्याकडं राखणीला म्हैस होती.

झाडीपट्टी
मी वडसा भागातला. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की रात्रभर नाटक, म्हणून पिक्चरचं वेड त्या मानानं उशिरा आलं. पण व्हिडिओ आला तेव्हाचं आठवते. गणपतीत वर्गणी काढून कलर टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर भाड्यानं आणायचा. बैलगाडीवर ताडपत्री, ताडपत्रीखाली टीव्ही, आणि टीव्हीवाल्यासोबत त्याचा एक पोरगा, ज्याच्याशी गावातले सगळे पोट्टे त्या दिवसापुरती दोस्ती करायचे. एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाचा, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरा घरच्यांसाठी. तिसरा मारामारीचा, तोवर बाया आणि लेकरं तिथंच चटईवर झोपलेली असायची.

शोले मी असा पाहिला, तिसऱ्या नंबरवर, पहाटे. गब्बर पकडला जायच्या आधीच जनरेटरमधलं रॉकेल संपलं. शेवट मला दुसऱ्या दिवशी शाळेत एका पोरानं करून दाखवला.

बुलढाण्याचा_बाळू
@झाडीपट्टी, म्हणजे तुम्हाला मिळाला तो तिसराच शेवट 😄

झाडीपट्टी
@बुलढाण्याचा_बाळू, खरंच. त्यानं हातही मागं बांधून घेतले होते ठाकूरसारखे. लय चांगला करून दाखवला त्यानं.

सीताबर्डी
ताई, मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. शोलेची प्रत पूर्ण नव्यानं दुरुस्त झाली आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ते काम केलं आणि जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात ती दाखवली, मूळ शेवटासकट. जुन्या डीव्हीडीत रंग उडालेले असतात, रेघा असतात. त्या पैशात थोडं थांबून चांगली प्रत घेणं मला शहाणपणाचं वाटते.

पूर्णाथडी
@सीताबर्डी, तुमची माहिती खरी आहे. पण पोळा तोंडावर आलाय आणि बाबा सत्तरीचे, मोठे बाबा त्यांच्याहून मोठे. थांबा हे त्यांना कोण सांगणार?

सीताबर्डी
हे पटलं. शब्द मागं घेतो.

प्राजक्ता_वणी
विशेष आवृत्ती घ्या म्हणणाऱ्यांत मी पहिली. माझ्याकडे डिस्कचं एक पूर्ण कपाट आहे आणि प्रत्येकीसाठी मी पैसे साठवलेले आहेत. व्हीसीडीच्या जमान्यात एक हिंदी पिक्चर दोन-तीन चकत्यांवर यायचा, कारण एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास बसायचा. गाणं ऐन रंगात आलं की चकती बदला. 2007 मध्ये मोजर बेअरनं व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली तेव्हा आमच्या वणीत स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा पिक्चर टांगलेले होते. मी वह्यांसोबत पहिली डीव्हीडी घेतली.

पण खरं वेड लागलं ते लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीनं. मामेभावानं पुण्याहून आणली. चार डिस्क, पिक्चरच दोन डिस्कवर, थेटरात 178 मिनिटं होता तो तिथं 208 मिनिटांचा. उरलेल्या दोन डिस्कवर नुसतं तो कसा बनला ते. चिलखताची एकेक कडी जोडणारी माणसं, लहान-मोठी घरं बांधून माणूस बुटका दाखवायची युक्ती. मी दहावीत होते. पिक्चर म्हणजे नट-नटी एवढंच ठाऊक असलेल्या मुलीला त्या दोन डिस्कनी सांगितलं की यामागं सुतार असतो, शिंपी असतो, लोहार असतो. आज मी नाटकांचे कपडे शिवते. तो डबा माझ्या शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर आहे.

म्हणून अडाणकाठ, पैसे जास्त पडले तरी पडू द्या.

हिंगणघाट_पॅसेंजर
प्राजक्ताताई, हे वाचून माझं मत बदललं. पेन ड्राईव्हचं मी मागं घेतो.

कळंबचा_कास्तकार
शोलेत अहमद होता तो आपला सचिन पिळगावकर. गब्बर त्याले मारते ते दृश्यबी मूळ प्रतीत होतं, सेन्सॉरनं काढाले लावलं. थेटरात आपन पाह्यलं ते एवढंच का गब्बर हातावरच्या मुंगीले चिरडते आन् मंग घोड्यावर पोराचं मढं येते. आन् रामलाल ठाकूरच्या जोड्याले खिळे ठोकते तेबी गेलं. मायबाप, खिळेच नाई दिसले तं मानसाले समजन कसं का ठाकूर एवढ्या दिवसाचा काय इचार करून राह्यला होता?

आणीबाणीचे दिवस होते. पंधरा ऑगस्ट 1975 ले पिक्चर लागला, दीड-दोन महिन्याआंधी आणीबाणी लागली होती. पोलिसात राह्यलेला मानूस कायदा हातात घेते हे दाखवाचं नाई म्हने.

मायअंबा
कालिया म्हणजे विजू खोटे, हेही विसरू नका. किती थोडा वेळ दिसतात, पण आमच्या गावात एका माणसाचं नाव त्यांच्यामुळं कायमचं कालिया पडलं, आणि तो ते अभिमानानं सांगतो.

अडाणकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एक डबा आला, घरपोच. पण मन खट्टू झालंय. ऑनलाइन घेतला, विकणाऱ्याचं नाव सांगत नाही. छापील कव्हर सुंदर, मागं 204 मिनिटंही लिहिलेलं. आत चकती उघडली तर खालून जांभळट निळी, आणि वर चिकटवलेला कागद. कागदाची एक कड सुटलेली होती, नखानं उचलली तर खाली मार्करनं लिहिलेलं होतं. पाहूनच हात थंड पडले.

सोल्डरिंग_मोर्शी
ताई, ती जाळलेली डिस्क आहे, घरी संगणकावर बनवलेली. कारखान्यातली असती तर खालची बाजू चांदीसारखी चकचकीत असती, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी झाक. जांभळा रंग म्हणजे आतला सेंद्रिय रंगद्रव्याचा थर. उन्हानं तो खराब होतो. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याचं छप्पर, दोन-तीन उन्हाळेही निघतील की नाही सांगता येत नाही.

आणखी एक खूण. मधल्या भोकाभोवती जी पारदर्शक कडी असते तिथं उजेडात तिरपं धरून पाहा. खऱ्या डिस्कवर नंबर आणि बारीक आयएफपीआय अशी अक्षरं कोरलेली दिसतात. परत करा ती, फोटो काढून. डिस्कच्या दोन्ही बाजूंचा आणि डब्याचा.

प्राजक्ता_वणी
आणि निराश होऊ नका. माझ्याकडं दुसऱ्या हाताची पण खरी प्रत आहे, चांदीच्या रंगाची, कडीवर अक्षरं आहेत, मूळ शेवट आहे. मी दोनदा पाहिली. तुम्ही द्याल ती किंमत घेईन, म्हणजे खरं तर काहीच घ्यायचं मनात नाही. निरोपात पत्ता पाठवा.

अडाणकाठ
प्राजक्ता, काय बोलू तुम्हाला. पैसे घ्यावेच लागतील. निरोप पाठवला आहे.

पूर्णाथडी
हा धागा इथंच संपला तरी चालेल असं झालं.

नरखेडचा_नाना
संपवू नका, मला एक विचारायचंय. आमच्या घरी नवीन टीव्ही आला, त्याला लाल-पांढरी-पिवळी पिन लावायला जागाच नाही. एकच गोल छिद्र आहे. प्लेअर लावायचा कसा?

सोल्डरिंग_मोर्शी
नाना, त्या छिद्रात एक बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तिन्ही रंगांच्या जागा, अशी जोडवायर येते. टीव्हीच्या खोक्यात बऱ्याचदा दिलेली असते, पिशवी न फोडता ठेवलेली असेल, आधी तिथं शोधा. विकत घेतली तर घरी लावून पाहून मगच ठेवा. सगळ्या पिना आतून सारख्या नसतात, चित्र येते आणि आवाज येत नाही असं होते.

आणि अडाणकाठ, तुम्हीही ऐका. चित्र पडद्यावर ताणलेलं दिसलं, ठाकूरचा चेहरा पसरट दिसला तर रिमोटवर चित्राचा आकार बदला. रुंद पडद्याच्या पिक्चरला वर-खाली काळ्या पट्ट्या येतातच, तो बिघाड नाही. शोले 35 मिलिमीटरवर काढून 70 मिलिमीटरला मोठा केलेला आहे, त्या रुंदीला न्याय द्यायचा तर पट्ट्या राहू द्या.

नरखेडचा_नाना
मिळाली वायर, खोक्यातच होती.

अडाणकाठ
प्राजक्ताचा डबा आला. कपड्याच्या तुकड्यात गुंडाळून, वर दोऱ्यानं शिवून पाठवला त्यांनी. यवतमाळला माझ्या खोलीवर तपासून पाहिला, मैत्रिणीच्या प्लेअरवर. अडचण अशी की साधारण एक तास चाळीस मिनिटांवर चित्र थांबते. पुढं जातच नाही. डिस्कवर ओरखडा नाही. तीन दिवसांवर पोळा आला.

प्राजक्ता_वणी
माझ्याकडं कधीच थांबली नव्हती. जीव वरखाली झाला.

सोल्डरिंग_मोर्शी
घाबरू नका दोघीही, डिस्क चांगली आहे. एका थरात 4.7 जीबी बसतात, एवढा लांब पिक्चर चांगल्या दर्जात बसवायला दोन थर लागतात, 8.5 जीबी. पिक्चर साधारण अर्ध्यावर आला की प्लेअरचं भिंग पहिल्या थरावरून दुसऱ्यावर नजर टाकते. चांगला प्लेअर एक क्षण अडखळतो आणि पुढं जातो. भिंगावर धूळ असेल किंवा लेझर थकला असेल तर दुसरा थर त्याला दिसतच नाही.

मैत्रिणीचा प्लेअर बाजूला ठेवा, बाबांच्याच प्लेअरवर लावून पाहा. तिथंही थांबला तर झाकण उघडून मणीएवढं भिंग आहे त्यावर आधी ब्लोअरनं वारा मारा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचा कण बसतो. मग कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा लावून अलगद फिरवा. वायर काढून ठेवा आधी. डिस्क पुसायची तर मधून काठाकडं सरळ, गोल गोल नाही. आणि घरचा वेचलेला कापूस वापरू नका, त्यात सरकीची साल असते, ओरखडे पडतात. धुऊन मऊ झालेलं धोतर सगळ्यात छान.

कळंबचा_कास्तकार
इन्व्हर्टरबी चार्ज करून ठेवजो बाई. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याइकडं लाईन जातेच.

वर्धेची_वहिनी
आम्ही सगळे वाट पाहतोय. पोळा झाला की लगेच लिहा.

झाडीपट्टी
मी तर रोज उघडून पाहातो हा धागा.

अडाणकाठ
लिहायला चार दिवस लागले, घरी पाहुणे होते. सगळं सांगते.

बाबांचा प्लेअरही आधी तिथंच थांबला. सोल्डरिंगदादांनी सांगितलं तसं केलं. काडीवर काळा थर आला, एवढा की मी दुसरी काडी घेतली. नंतर त्या जागी पडदा क्षणभर गोठला, माझा श्वासही, आणि पिक्चर पुढं सरकला.

तोरणाखालून बैल आले, घरोघरी फिरले, पुरणपोळी खाऊन गोठ्यात बांधले गेले. आता आमच्याकडं एकच जोडी उरली आहे. मग मी डबा बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, चष्मा लावून मागची बाजू वाचली आणि मला म्हणाले, "दादाले बलाव."

मोठे बाबा शेजारच्याच घरात असतात, गुडघ्यानं हैराण, पण काठी टेकत आले. आईनं दोघांना एका सतरंजीवर बसवलं, पाठीला गादी लावली. लाईन दोनदा गेली, इन्व्हर्टरनं धरून ठेवलं. मोठ्या बाबांना ऐकू कमी येते, पण संवाद त्यांना पाठ. ते पडद्याच्या अर्धा क्षण आधीच ओठ हलवत होते.

रामलाल खिळे ठोकायला लागला तेव्हा बाबा सरसावून बसले. "हे नोतं," एवढंच बोलले. पुढं ठाकूरनं गब्बरला तुडवायला सुरुवात केली आणि पोलीस आलेच नाहीत, तेव्हा मोठ्या बाबांनी काठी जमिनीवर आपटली. दोनदा. "म्या सांगतलं होतं तुले. सांगतलं होतं ना बे?" बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पिक्चर संपून पाटी आली तरी तो तिथंच होता.

नंतर बाबांनी मला विचारलं, त्या रात्री बैलांपाशी मी बसलो होतो तेव्हा हा इकडं पाहात होता, हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुम्हीच, मी लहान असताना. त्यांना आठवलं नाही.

पूर्णाथडी
😢🙏

प्राजक्ता_वणी
माझा डबा योग्य घरी गेला. ज्या दोऱ्यानं शिवला होता तो माझ्या आजीच्या लुगड्याचा आहे, तेवढा जपून ठेवा.

कळंबचा_कास्तकार
बाबाले आन् मोठ्या बाबाले माह्याकडून पाया पडजो.

सीताबर्डी
नवी दुरुस्त केलेली प्रत डिस्कवर आली की पहिला डबा मी पाठवणार, दोघांसाठी. आधीच सांगून ठेवतो.

अडाणकाठ
सांगते त्यांना. दोरा मी बाबांच्या डब्यातच ठेवला होता, पाहिला आत्ता, आहे. सोल्डरिंगदादा, एक विचारायचं राहिलं. मोठ्या बाबांनी काल परत लावायला सांगितला आणि प्लेअरची तबकडी बाहेर यायला कुरकुरते. पट्टा बदलावा लागेल का?

सोल्डरिंग_मोर्शी
पट्टाच असेल, रबराचा, उन्हानं सैल होतो. मॉडेलचा नंबर मागं पाहून इथं लिहा, मी पोस्टानं पाठवतो.